दमट घरातली आठवणवही: काय चिकटवायचं आणि काय मुळीच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही राहता डोंबिवलीला, पण मालवणजवळच्या मूळ घरात सासूबाईंची लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात जुने फोटो, पत्रिका, मनीऑर्डरीची कूपनं, पत्रं आणि दोन अल्बम आहेत. यंदा गणपतीला सगळे चाकरमानी गावी जमतील तेव्हा दाखवता येईल अशी स्क्रॅपबुक तुम्हाला करायची आहे. कागद कुठला, गोंद कुठला, मांडणी कशी, आणि पावसाळ्यात ती टिकेल का? शिवाय भिंतीवरचा पणजोबांचा फोटो काचेला चिकटलाय, त्याचं काय करायचं?

मी कुडाळला बाइंडिंग करते आणि घराण्यांचे अल्बम बांधून देते. लोक येतात तेव्हा नक्षीचे कागद आणि स्टिकर घेऊन येतात, आणि मी आधी तेच बाजूला ठेवायला लावते. सरळ मुद्द्यावर येते. मूळ फोटो, मूळ पत्रं, मूळ कूपनं वहीत चिकटवायची नाहीत. वही नकलांची करायची आणि मूळ वस्तू वेगळ्या डब्यात ठेवायच्या. पुण्यात किंवा नाशकात राहणाऱ्याला मी हे इतकं ठासून सांगत नाही. पण तुमची वही उघडणार भाद्रपदात, मालवणात. त्या दिवसांत किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता कित्येकदा 85-90 टक्क्यांच्या पुढे असते आणि बुरशी धरायला साधारण 65 टक्केसुद्धा पुरतात. जुन्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो फुगतो, मऊ पडतो आणि समोर जे असेल त्याला धरतो, मग ते प्लॅस्टिक असो, काच असो की दुसरा फोटो. त्यात वही घरातल्या सगळ्या पोरांच्या हाती जाणार, मोदकाच्या तुपासकट. जाऊ दे की. नक्कल खराब झाली तर दुसरी छापून मिळते, पोरांवर ओरडत बसावं लागत नाही.

गोंद लावायचं, पुठ्ठा चढवायचं काम मृग लागायच्या आत उरका. जून उजाडला की कागद ओलावा ओढतो, पान वाकतं आणि दाबाखालून काढलं की पुन्हा वाकतं. लिहिण्याचं काम मात्र पावसात निवांत करता येतं.

ट्रंक उघडायची ती कोरड्या दिवशी, ओटीवर, सावलीत. उन्हात फोटो पसरायचे नाहीत, ते गुंडाळले जातात आणि वरच्या थराला भेगा जातात. बुरशीचा वास आला तर तोंडाला मास्क लावा आणि मऊ कोरड्या ब्रशने, घराबाहेर, आपल्यापासून लांब झटका. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, बुरशी त्याने आणखी पसरते. पहिलं काम म्हणजे टाचण्या, स्टेपल, क्लिपा काढणं. खाऱ्या हवेत त्या इतक्या गंजतात की कागदावर तांबडा डाग पडून त्याच्या खाली भोकच पडतं. रबरबँड सुटत नसेल तर ओढू नका, कापा. आणि एखादं पुडकं सोडण्याआधी ते जसं आहे तसा मोबाइलवर फोटो घ्या. कुठलं पत्र कुठल्या फोटोबरोबर बांधलं होतं, हीसुद्धा माहितीच असते आणि ती एकदा सुटली की सासूबाईंनाही आठवणार नाही. निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर त्या इतरांपासून लगेच वेगळ्या करा, कारण तो खराबा शेजारच्यांना लागतो.

दोन अल्बमांपैकी काळ्या पानांचा, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर आणि कागदी कोपऱ्यांत बसवलेले फोटो असा जो असेल, त्याला हात लावू नका. त्या लोकांनी बरोबर काम केलं होतं, कोपऱ्यातून फोटो सुटा निघतो. चिंता दुसऱ्याची. 1970-80 च्या दशकांत चिकट पानांचे, वर पातळ प्लॅस्टिक असलेले अल्बम घरोघरी आले. पानावरचा गोंद पिवळा पडतो आणि फोटोच्या पाठीला धरून बसतो. त्यातून फोटो काढताना कोपरा उचलून खेचलात की फोटोला कायमची घडी पडते. आधी सगळी पानं जशीच्या तशी स्कॅन करून घ्या. मग वरचं प्लॅस्टिक हळूच उलटा आणि बिनमेणाचा डेंटल फ्लॉस दोन्ही हातांत ताणून फोटोच्या एका कोपऱ्याखाली घाला. करवतीसारखा मागेपुढे करत, पानाला चिकटून, फोटोच्या खालून पलीकडे न्या. हात पानाला समांतर ठेवा, वर उचलू नका. अडलं तर दुसऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. तरीही निघत नसेल तर फोटोभोवतीचं पान कापून पाठीला तसंच राहू द्या. हेअर ड्रायर लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी रंगीत फोटोंना तो लावत नाही.

स्कॅनिंगबद्दल फार लिहीत नाही, ते आता गल्लोगल्ली होतं. फक्त दुकानदाराला 600 डीपीआय, म्हणजे इंचाला 600 ठिपके, सांगा. 3 बाय 4 इंचांचा फोटो त्या मापाने घेतला की 6 बाय 8 इंचांचा स्वच्छ छापता येतो. पासपोर्टएवढे फोटो 1200 वर घ्या. पाठही स्कॅन करा, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कुणाचं तरी अक्षर असतं. वहीसाठीच्या प्रती फोटो लॅबमधून मॅट कागदावर काढा. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई ओल्या बोटाने पसरते आणि चकचकीत कागद दमटपणात एकमेकांना धरतो.

आता खरं काम. फोटोतली माणसं ओळखणारी व्यक्ती घरात एकच आहे, तुमच्या सासूबाई. कागद-गोंद आणण्याआधी त्यांच्याजवळ बसा. सगळा ढीग पुढ्यात ठेवला तर त्या दोन-चार फोटो बघून दमतील. एका वेळी एक फोटो द्या आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत ठेवा. "हे कोण?" एवढंच विचारलं तर नुसती नावं मिळतात. फोटो कुणी काढला, त्या दिवशी कोण आलं नव्हतं, मागे टांगलेला कंदील कुठून आणलेला, मागचा दरवाजा आता कुठे आहे, असं विचारलं की माणूस बोलायला लागतं. माझ्याकडे एका अल्बमात आजींचं वाक्य जसंच्या तसं घातलंय: "तेवा घरार कौला नाय होती, गवताचा छप्पर होता." फोटोत छप्पर दिसतच नाही, पण त्या एका ओळीने अख्खा फोटो कळतो. मालवणीचं प्रमाण मराठीत भाषांतर करू नका. डोंबिवलीत वाढलेल्या नातवंडांना ती वाचायला दोन मिनिटं जास्त लागली तर लागू देत.

समूहाच्या फोटोसाठी एक जुनी युक्ती आहे. फोटोच्या मोठ्या प्रतीवर बटर पेपर ठेवा, डोक्यांच्या नुसत्या बाह्यरेषा काढा आणि प्रत्येक डोक्यात आकडा घाला. बाजूला त्या आकड्यांची नावं. ही नावं लिहिताना आपण सगळे "आत्या", "काकी", "भाऊ" लिहून मोकळे होतो. कुणाची आत्या? आणखी तीस वर्षांनी ते कुणालाच कळणार नाही. पूर्ण नाव लिहा. बायकांची दोन नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं, कारण आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलायची रीत होती. माहेरच्या फोटोतली मुलगी आणि सासरच्या फोटोतली सून एकच आहे हे नुसत्या चेहऱ्यावरून नातीला ओळखू येत नाही.

तारखा बहुतेक नसतातच. पण ट्रंकेतल्या कागदांवरून काळ बांधता येतो, आणि मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. पाकिटावर "ता. मालवण, जि. रत्नागिरी" असेल तर ते बहुधा 1 मे 1981 च्या आधीचं, त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. पिनकोड नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, लोक तो पुढेही कित्येक वर्षं लिहीत नव्हते. हिशेबाच्या वहीत "नये पैसे" दिसले तर 1957 ते 1964 च्या आसपासचा काळ. आणे-पै असतील तर बहुधा त्याआधीचा, पण म्हाताऱ्या माणसांच्या हिशेबात आणे बरेच रेंगाळले. दाखल्यावर "मुंबई राज्य" छापलेलं असेल तर तो 1 मे 1960 च्या आधी छापलेला. फोटो चौकोनी, काळापांढरा आणि कडेला पांढरी किनार असलेला असेल तर तो आगफा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यातला असू शकतो. त्यात 120 चा रोल लागायचा आणि बारा चौकोनी फोटो यायचे. लालसर पडलेले रंगीत फोटो बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकांतले, त्यातला निळसर रंग अंधारात ठेवूनही उडतो. स्कॅन केल्यावर रंग थोडा सावरता येतो. फार सावरू नका, आत्याची साडी होती त्यापेक्षा नवी दिसायला लागते. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर 26 जानेवारी 1998 पासून सुरू झाली, त्यामुळे "स्टेशनवर सोडायला आलेले सगळे" असा कुडाळचा फोटो नव्वदीच्या अखेरचा किंवा नंतरचाच. नक्की साल माहीत नसेल तर "1970 च्या आसपास" लिहा. अंदाजाने छातीठोक साल लिहू नका, पुढच्या पिढीत तेच खरं ठरतं.

लिहायचं कशाने? जुन्या फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, न दाबता. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. वहीत मात्र पिगमेंट शाईचं, म्हणजे पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं, पेन वापरा. जेलपेन आमच्या हवेत पसरतं.

साहित्य पटकन सांगते. पानांसाठी आम्लरहित, लिग्निन नसलेला जाड कागद, 200 ते 300 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम). लिग्निन म्हणजे लाकडातला तो भाग ज्याच्यामुळे वर्तमानपत्र पिवळं पडतं. म्हणून बातमीचं कात्रण वहीत लावू नका, चांगल्या कागदावर त्याची प्रत लावा. बाजारात 12 बाय 12 इंचांची स्क्रॅपबुकं मिळतात, पण मी आडवा ए-फोर घेते, कारण त्या मापाचा कागद आणि छपाई तालुक्याला मिळते आणि उद्या पान बदलायचं झालं तर अडत नाही. फोटोंना कोपरे लावा. जिथे चिकटवावंच लागेल तिथे आम्लरहित दुहेरी टेप. साधी सेलोटेप नको, ती पिवळी पडून सुटते आणि डाग मागे ठेवते. बाइंडरकडची खळही फोटोच्या जवळ नको. आमच्या धंद्यात कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची पद्धत आहे, ती पुठ्ठ्याला ठीक, फोटोला नाही. प्लॅस्टिकचे कप्पे घेताना पीव्हीसी टाळा, नव्या रेनकोटसारखा वास येतो तेच ते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालेल. लॅमिनेशन कशालाच करू नका, ते परत सोडवता येत नाही. एसटीच्या मशीनचं तिकीट लॅमिनेट केलंत तर उष्णतेने ते काळं पडेल. तो थर्मल कागद असतो, त्यावरची अक्षरं एरवीही उडतात, त्याची लगेच नक्कल काढा. कंडक्टर पंचने भोक पाडून द्यायचे ती जुनी रंगीत तिकिटं बिचारी अजून छान टिकली आहेत.

बांधणी स्क्रूची ठेवा म्हणजे दरवर्षी पानं वाढवता येतील. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, लोखंड इथे गंजतं आणि पितळ हिरवं पडतं. शिवणीच्या बाजूला प्रत्येक पानामागे जाड कागदाची अरुंद पट्टी घाला, नाहीतर फोटो लागल्यावर वही पुढून फुगते आणि मिटत नाही.

मांडणीत बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी, पानावर फार काही घालण्यात. एका पानावर एक गोष्ट आणि एकच मोठा फोटो. तुमच्याच साहित्यातून गणपतीचं एक जोडपान कसं करता येईल ते सांगते. डाव्या पानावर ओटीवरच्या सगळ्यांचा तो चौकोनी फोटो, 6 बाय 6 इंचांचा करून, बरोबर मध्ये न ठेवता थोडा वर आणि बाहेरच्या कडेकडे. त्याच्या खाली बोटभर उंचीत डोक्यांची रेषाकृती आणि नावं. उजव्या पानावर आजोबांनी मुंबईहून पाठवलेल्या मनीऑर्डरीच्या कूपनाची नक्कल, मूळ आकारात. संदेशाच्या त्या दीड इंच जागेत बारीक अक्षरात "माटवीला नवीन दोरी घ्यावी, नारळ घरचेच वापरावे" असं काही लिहिलेलं असतं ना (माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट), ते वाचता आलं पाहिजे, म्हणून आकार कमी करायचा नाही. त्याखाली सासूबाईंच्या तोंडच्या तीन-चार ओळी. उजव्या पानाचा खालचा भाग रिकामा. तो भरावासा वाटेल, भरू नका. फोटोतली माणसं ज्या दिशेला बघताहेत ती बाजू वहीच्या आतली ठेवा. बाहेर बघणारा माणूस वाचणाऱ्याची नजरही बाहेर नेतो.

रंगांसाठी स्टिकर, झालरी, चमकी काही नको. शिवणीकडच्या कडेला एक अरुंद पट्टी लावा आणि तिच्या रंगाने विभाग पाडा. गणपती-शिमग्याला जांभ्याचा तांबडा, आगर-शेतीला माडाचा हिरवा, प्रवासाला समुद्राचा निळा, लग्नकार्याला हळदी. वही मिटली तरी कडेवरून विभाग दिसतात. आणि विभाग सालवार नको, प्रसंगवार करा. एकाच ओटीवरचे वेगवेगळ्या सालांचे गणपतीचे फोटो शेजारी आले की कौलं कधी चढली, माटवी कुठली, कोण कधीपासून दिसत नाही, सगळं आपोआप समोर येतं. त्याच विभागाच्या शेवटी चार कोपरे लावलेलं रिकामं पान सोडा आणि यंदा त्याच जागी, त्याच क्रमाने सगळ्यांना उभं करून फोटो काढा.

प्रवासाच्या विभागात किनाऱ्याचा नकाशा हाताने काढा. वर मुंबई, मग हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड आणि खाली मालवण, वेंगुर्ला. बोटीच्या काळात आजोबा कुठल्या बंदराला उतरायचे, पुढे बैलगाडी की पायी, हे सासूबाईंना विचारून त्यावर रेघ मारा. लहान मुलं या पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

काही गोष्टी वहीत घालायच्याच नाहीत. शिंपले आणि वाळू कितीही सुंदर असू देत, त्यांच्यात मीठ असतं आणि मीठ ओलावा ओढतं. सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे), वाळलेली पानं कसरीला आमंत्रण, त्यांचे फोटो लावा. लग्नपत्रिकेला हळदकुंकू लागलेलं असतं, ते समोरच्या पानाला लागतं, म्हणून मूळ पत्रिका वेगळ्या कप्प्यात ठेवा. नऊवारीचा तुकडा खळ काढून धुऊन, पूर्ण वाळवून, कागदाच्या पाकिटात. सातबारा, खरेदीखतं, मोडीतले जमिनीचे कागद स्क्रॅपबुकात अजिबात नकोत. ती फाइल वेगळी आणि ती कुणाकडे राहणार हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं. वहीच्या निमित्ताने वाटण्यांचा विषय निघाला की वही राहते बाजूला. काही घरांत मयताबरोबर बसून काढलेले फोटो निघतात. ते फेकू नका, पाकिटात घालून वर लिहून ठेवा. पोरांच्या हातातल्या वहीत ते असावेत असं मला वाटत नाही.

मूळ वस्तूंसाठी घट्ट झाकणाचा डबा घ्या. ट्रंक नको, ती खालून गंजते आणि फटींतून दमट हवा घेते. फोटो एकेक कागदी पाकिटात, उभे न ठेवता आडवे. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळी जेल ओलावा भरला की गुलाबी होते, मग बदलायची. उघड्या कपाटात ती ठेवून काही उपयोग नाही, अख्ख्या खोलीची हवा ती कुठवर सुकवणार? डांबराच्या गोळ्या फोटोंबरोबर नकोत. वेखंडाची पुरचुंडी ठेवायची तर डब्याबाहेर, कपाटात. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, माळ्यावर नको आणि जमिनीवरही नको. शक्य असेल तर तो डोंबिवलीलाच न्या आणि वही गावी ठेवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की वही एकदा सावलीत उघडून पानं चाळा.

पुराचंही सांगून ठेवते, 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा कितीतरी घरांचे अल्बम चिखलात गेले. भिजलेले फोटो गठ्ठ्यात सुकू देऊ नका, विट होते. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू वेगळे करा, पुढच्या बाजूला बोट न लावता धुवा आणि चेहरा वर करून सुती फडक्यावर सावलीत सुकवा. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून, पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे ते पुढचे कित्येक दिवस थांबतात.

आता पणजोबा. काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा प्रयत्न करू नका. सुरीने तर नाहीच, आणि वाफेनेही नाही. चौकट खोला, मागची फळी आणि खिळे काढा, काच आणि फोटो एकत्रच राहू द्या. काच बाहेरून कोरड्या मऊ फडक्याने स्वच्छ करा आणि काचेसकट स्कॅनरवर पालथं ठेवून 600 डीपीआयवर स्कॅन करा. स्कॅनरवर मावत नसेल तर खिडकीच्या बाजूच्या उजेडात, दिवे बंद करून, कॅमेरा अगदी समोर धरून फोटो घ्या. मोबाइलचं प्रतिबिंब काचेत दिसलं तर मोबाइलच्या मागे काळं कापड धरून उभं राहा. ज्या ठिकाणी फोटो धरलाय तिथे गडद डाग दिसतील, ते कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी जातात. नवी प्रत चौकटीत घालताना काच आणि फोटोच्या मध्ये जाड कागदाची चौकोनी किनार ठेवा म्हणजे दोघं एकमेकांना लागणार नाहीत, आणि मागे फळीऐवजी आम्लरहित बोर्ड. जुना फोटो काचेसकट कागदात गुंडाळून डब्यात आडवा ठेवा. तो सोडवायचाच असेल तर फोटो-संवर्धन करणाऱ्या माणसाकडेच द्या.